शंभर ग्रॅमचा डबा

मी मानसशास्त्र घेतलंय म्हटल्यावर शिवाजी पेठेत अशी हवा झाली, की मी नुसतं बघून माणसाच्या मनातलं काढते. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून माझ्यासमोर बसायच्या आणि वर म्हणायच्या, "सांग की गं, माझ्या मनात काय हाय?" मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! मी डोळे बारीक करून "हूं" म्हणायची.

कॉलेजात मात्र पहिल्याच तासाला हवा गेली. सर म्हणाले, हे शास्त्र कितीतरी वर्षं तत्त्वज्ञानाच्या घरी आश्रित होतं. मन म्हणजे काय, आत्मा म्हणजे काय, नुसती चर्चा. मग जर्मनीत काही खटपट्या लोकांनी माणसांच्या हातात वजनं दिली आणि विचारलं, यातलं जड कुठलं? किती फरक असला की हाताला कळतो, हे त्यांनी मोजलं, आणि मन आकड्यात सापडायला लागलं. प्रयोगशाळा निघाल्या त्या पुढं. मी मनात म्हटलं, अगं बाई! जड-हलकं सांगायला जर्मनी कशाला? माझी आत्या मंडईत भाजी विकताना दिवसभर तेच करते.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत नेमका हाच प्रयोग माझ्या वाट्याला आला. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस आपणच न्यायचा होता. मी आत्याला नेलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठणकावून सांगितलं होतं, "पास झालीस तर एम.ए. कर. न्हायतर हातकणंगल्याचं स्थळ तयार हाय." स्थळ वाईट नव्हतं हो. पण मला शिकायचं होतं, काही झालं तरी शिकायचंच होतं.

परीक्षक पुण्याहून आलेले, सफारीची इस्त्री कडक. आत्या त्यांच्यासमोर बसत म्हणाली, "काय पावणं, जेवलासा का?" ते दचकून "हो हो" म्हणाले. मागच्या बाकावर खसखस पिकली.

मी ओढणीनं आत्याचे डोळे बांधले. एका हातात '१००' लिहिलेला मूळ डबा, दुसऱ्या हातात ताडून बघायला एकेक वेगळा डबा. आधी शंभरचाच दिला. आता ती "सारखं" म्हणायला हवी. म्हणाली, "जड." परत दिला. "जड." शहाण्णवचा दिला तर म्हणते, "ह्यो सारखा." मी टेबलाखालनं तिच्या पायाला हळूच पाय लावला. ती ओरडली, "अगं, लाथ का मारतीस?"

झालं! आता हसावं का रडावं! परीक्षकांनी माझं जर्नल उघडलं. वर्षभराचे प्रयोग त्यात लिहिलेले, हाही होता, आणि त्याचं उत्तर पुस्तकासारखं चोख. ते म्हणाले, "जर्नलमध्ये तर सगळं बरोबर आहे. बाईंचा हात चुकतोय."

आत्यानं ओढणी खस्सकन ओढली. "माझा हात? चाळीस वरसं तोलतोय ह्यो हात! पावणं, तुमच्याच मापात पाप हाय!"

आमचे कॉलेजातले सर चिडून मूळ डबा घेऊन शेजारी केमिस्ट्रीच्या तराजूकडं गेले. परत आले ते चेहरा पाडून. "शहाण्णव भरला." डब्याचं झाकण सैल होतं, आतले शिशाचे छर्रे कधीतरी सांडले होते.

मी आनंदानं टाळ्याच पिटल्या. आणि मग बघितलं, परीक्षक जर्नलांचा गठ्ठा चाळत होते. एक, दोन, सगळी. "याच डब्यानं तुम्हा सगळ्यांना पुस्तकातलं उत्तर कसं आलं?"

आमच्याकडं रीतच होती, वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल घ्यायचं आणि उतरवून काढायचं. तिनंही तसंच केलेलं, तिच्या आधीच्या मुलीनंही. मला असं हसू फुटलं, की आवरेना. हसत हसतच मी म्हटलं, "सर, मी हा प्रयोग आज पहिल्यांदाच केला."

त्यांनी माझ्या जर्नलवर शून्य मांडलं. मग आत्याकडं बघत म्हणाले, "आजच्या प्रयोगाचे मात्र पूर्ण." पास की नापास, ते काही बोलले नाहीत.

घरी जाताना आत्या विचारत होती, "ते जर्मनीवालं पुस्तकात गेलं व्हय? निस्ती वजनं उचलून?" मी "व्हय की" म्हटलं. ती भर रस्त्यात हसत सुटली, मीही. लोक थांबून बघायला लागले.

दारात आबा उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं? पास हुतीस का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या धाकट्या भावासमोर जाऊन उभी राहिली. डोळ्यांतलं हसण्याचं पाणी तिनं अजून पुसलं नव्हतं. "डोकं न्हाय म्हणून मला चौथीतनं काढली. मंडईत मला बसवलं आन् शाळंत तुला धाडलं. आज पुण्याचं पावणं चुकलं आन् मी बराबर निघाली. निकाल लागंल तवा लागंल. हिला काढायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः हातकणंगल्याला जाऊन स्थळाला नकार सांगून आले.