जाताना डावीकडे, येताना उजवीकडे

त्याला सगळे खिडकीवाला म्हणत. बेटावरच्या त्या पत्र्याच्या विमानतळावर तो काउंटरला बसे, सामान तोली आणि जागा देई. विमान कसलं, कुणी जोरात शिंकलं तर हलेल एवढंसं. माणसंसुद्धा वजन बघून बसवावी लागत. तरी कुणाच्या चेहऱ्यावर हौस दिसली की तो हळूच सांगे, "जाताना डावीकडे बसा, येताना उजवीकडे. आमचं गाव दिसतं. दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी."

तो स्वतः मात्र एकदाही विमानात बसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरच्या माणसांना फुकट जागा मिळे, पण विमानात जागा उरली तर, आणि ती कधी उरत नसे. संध्याकाळी जेवताना तो प्रवाशांच्या गमती सांगे आणि आई ऐके.

"जगाला दाखवतोस," ती म्हणायची, "मला एकदा आपलं घर वरून दाखव की."

"गर्दी ओसरू दे, आई."

गर्दीला काय धाड भरलीय ओसरायला!

मग एका सकाळी गच्चीवर चादर वाळत घालताना आई कोसळली. बेटावरच्या डॉक्टरांनी हात टेकले. "पलीकडे मोठ्या दवाखान्यात न्या. लगेच." आता विमान मिळालं. मेकॅनिकनं उजवीकडच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवायला घेतलं.

"डावीकडे नाही का बसवता येणार?" त्यानं विचारलं.

"तिथं दार आहे, बाबा. माझ्या डोक्यावर बसवू का?" मेकॅनिक म्हणाला, आणि मग आईकडे बघून ओशाळला.

विमान उडालं. आईला पडल्या पडल्या छताशिवाय काही दिसत नव्हतं. तो तिच्या अंगावरून खिडकीशी वाकला. खाली पाणी, पाणी आणि पाणीच.

"दिसतंय का रे घर?"

"दिसतंय ना! आपली टाकी दिसतेय. गच्चीवर तुझी चादर वाळतेय."

आईनं चाचपडत त्याचा हात धरला.

"खोटारड्या," ती म्हणाली. "जाताना डावीकडे. पाठ झालंय मला."

तो खिडकीपासून मागे सरला.

"असू दे," आई म्हणाली. "येताना उजवीकडे ना? येताना दाखव."

दोन दिवसांनी ती परत निघाली. स्ट्रेचर उजवीकडेच होतं, खिडकीला लागून, आणि तिच्या तोंडावरून पांढरं कापड ओढलेलं होतं. बेट जवळ आलं तसं वैमानिकानं कुणी न सांगता विमान त्या बाजूला कलतं केलं. गाव दिसलं. मग टाकी दिसली, गच्ची दिसली.

त्यानं तिच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं.

"बघ, आई," तो म्हणाला.

चादर खरंच दोरीवर होती.