अखाजीला थिजलेलं मीठ

पाणी, तेल की मीठ, एवढाच प्रश्न होता. तो सोडवण्याइतकी अक्कल आपल्याला आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

साक्री तालुक्यातल्या एका डोंगरगावात आमची कंपनी आरशांनी ऊन एकवटून वीज करणार होती. त्या विजेवर गावाची पिठाची गिरणी चालायची होती आणि उरलेल्या धगीवर मिरची वाळायची होती. आरशांवरची उष्णता जनित्रापर्यंत कशातून न्यायची, हे ठरवायचं काम माझं. पाण्याची वाफ एवढ्या तापमानाला भयंकर दाब धरते. तेल चारशे अंशांपुढे टिकत नाही, आणि गळलं तर पेटतं. जळगावच्या ऑफिसात एसीत बसून मी वितळलेलं मीठ निवडलं. खायचं नव्हे, खतासारखे पांढरे क्षार. दाब नाही, शिवाय सूर्य मावळल्यावरही तासन्‌तास गरम राहतं. खोट एकच, दोन-अडीचशे अंशांखाली गेलं की थिजतं. म्हणून पाइपांभोवती विजेचे हीटर गुंडाळले. ते कधीच बंद करायचे नव्हते.

हे सगळं सांभाळायला गावातलेच नाना होते. त्यांचा जन्म बॉयलरवर गेलेला. मीठ म्हटल्यावर ते हसले.

"पानी आपलं शे, साहेब. गयं ते आखो भरता येस."

पाणी गळलं तर पुन्हा भरता येतं, असं त्यांचं म्हणणं. मीही हसलो, शहाण्यासारखा. हीटरची सूचना इंग्रजीत टाइप करून पॅनेलवर चिकटवली आणि जळगावला परतलो.

अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. नानांच्या लेकी माहेरी आल्या, गावात झोके बांधले गेले, प्रकल्पाच्या शेडला सुट्टी. जुन्या बॉयलरवाल्यांची रीत अशी, की शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच पाडायचा, यंत्राला हात जोडायचे आणि कुलूप लावायचं. नानांनी तेच केलं, त्याबरोबर हीटरही बंद पडले. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन. अशा उन्हात काही थिजेल, हे खानदेशात कुणाच्या डोक्यात येणार?

तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा पाइपांत दगड झाला होता. टोकाकडून हळूहळू तापवायला हवं होतं, पण मला घाई झाली. मधलं मीठ आधी वितळलं, त्याला फुगायला जागा मिळाली नाही आणि पाइप फाटले.

अहवालात मी 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं. नानांना काढलं, प्रकल्प गुंडाळला. गिरणी एकदाही फिरली नाही. बायका अजून दळण डोक्यावर घेऊन खालच्या गावाला जातात. मीठ भरलेले पाइप भंगारवालासुद्धा नेईना.

परवा साक्रीच्या बाजारात नाना भेटले. पार खंगलेले. गिरणी नानांनीच बुडवली, असं गाव अजून म्हणतं. मला पाहताच त्यांनी हात जोडले, सगळा दोष स्वतःकडे घेतला.

"बठ्ठं मीच बंद करं, साहेब. तुमनं नाव खराब व्हयनं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते एवढंच, "जाऊ द्या, नाना."

माफी मिळाली असं वाटून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आणि मी ते धरू दिले.