राजेळीचं पिल्लू

"मागून मिळत नाय, चोरून जगत नाय."

ईशा, मिहीर, हे वाक्य तुम्ही दोघांनीही ऐकलेलं आहे. मिहीरने तर मान खाली घालून ऐकलेलं आहे. या वर्षीच्या पार्सलमध्ये मेतकूट, आमसुलं आणि कुळथाचं पीठ आहे, सुकेळी नाहीत. परवा फोनवर मिहीर म्हणाला, "आजी, मग दुसऱ्या कुणाकडून घे ना." ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. लिहिताना मला गोष्टी क्रमाने सांगता येतात.

नंदाखालला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जी वाडी दिसायची, ती एका एकत्र कुटुंबाची. त्या घरातल्या थोरल्या सूनबाई ही सुकेळी करायच्या. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं, म्हणून वयाने मोठी असून मीही काकीच म्हणू लागले. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते हे कळल्यावर त्यांनी माझं नाव कायमचं 'टीचर' करून टाकलं.

त्यांच्या घरात विकतचं फारसं काही नसे. झाडू माडाच्या हिरांचा, भांडी घासायला नारळाची शेंडी आणि चुलीतली राख, बांधायला केळीच्या वाळलेल्या सालीची दोरी. माझा प्लास्टिकचा डबा पाहून त्या एकदा म्हणाल्या होत्या, "टीचर, हा मेल्यावर पण जायचा नाय. आपन जानार, हा इथंच."

विहिरीच्या कडेला राजेळी केळीचं एक बेट होतं. सुकेळी त्याच केळ्यांची. पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून टोपलीत झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. मधासारखा रंग आला की काकी एकेक उचलून अंगठ्याने दाबून पाहत. जरा ओल लागली की म्हणत, "अजून रडतेय. उद्या." रडायची थांबली की वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून पुडा बांधायचा. तुमच्याकडे येत होता तो हाच पुडा.

केळ एकदाच घड देते आणि मरते. तिच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांमधूनच ती पुढे चालते. ही पिलं त्या घराबाहेर कधी गेली नाहीत. काकींच्या सासूबाईंची तशी ताकीद होती, पिल्लू दिलं की घराचं दैव जातं म्हणून. "सासूने मला कपाटाची किल्ली कधी दिली नाय," काकी मला म्हणाल्या होत्या. "ही केळ दिली. म्हनाली, ही राखलीस तर तू या घरची." कुणी पिल्लू मागितलं की काकी कंबरेवर हात ठेवत आणि ते ठरलेलं वाक्य म्हणत. मागून मिळत नाय, चोरून जगत नाय.

मिहीर, तू लहान असताना सुटीत आला होतास, तेव्हा तुझ्या खेळातल्या फावड्याने एक पिल्लू उपटून आणलं होतंस आणि न्हाणीघरातल्या बादलीत लपवलं होतंस. मी तुला हाताला धरून परत नेलं आणि माफी मागायला लावली. काकींनी तुला ते वाक्य ऐकवलं, एक सुकेळं तुझ्या तोंडात घातलं आणि पिल्लू होतं तिथे परत लावलं. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता.

मग विहिरीचं पाणी खारं होत गेलं. माडावर चढायला माणूस मिळेना. काकींचे यजमान गेले. दोघा दिरांची मुलं नोकरीला लागली होती, आणि काकींच्या मुलाने नायगावला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं होतं. एके दिवशी ओट्यावर सगळे बसले. मी नारळ घ्यायला गेले होते, मलाही चहा मिळाला. वाडी बिल्डरला द्यायची असं ठरलं. भांडण झालं नाही. सगळ्यांची कारणं खरी होती, म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. शेवटी धाकटे दीर म्हणाले, "वयनी, तुझं काय ता बोल."

"माझं काय," काकी म्हणाल्या. "पावसाळा जाऊ द्या. पिलं आत्ता काढली तर मरतील. जरा जोर धरू द्या, मग मी घेऊन जाते."

"एवढंच ना? झालं की!" सगळे हसले. त्यांना हायसं वाटलं होतं.

नातवाला ताप आला म्हणून काकी थोडे दिवस नायगावला गेल्या आणि तेव्हाच भरावाचे डंपर आले. पावसात रस्ता खचेल म्हणून घाई केली, असं मागाहून कळलं. घरातल्या कुणाच्याही डोक्यात केळ आली नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि फोन केला. "काकी, भराव टाकतायत." 

त्या रिक्षाने आल्या. हातात कोयता आणि रिकामं पोतं. तोवर विहीर बुजली होती. लाल मुरुमाचं सपाट मैदान झालं होतं आणि काकी त्यावर इकडून तिकडे फिरत होत्या. "विहीर कुठं गेली टीचर? विहीर दिसली तर मी केळ सांगते."

डंपरचा ड्रायव्हर ओरडला, "अम्मा, हटो ना, लग जाएगा!"

"तू थांब रे बाबा. माझं मानूस खाली हाय."

तो बिचारा गाडी बंद करून पळत खाली उतरला. त्याला वाटलं, खरंच कुणी गाडलं गेलं. काकी कोयत्याने मुरुम उकरू लागल्या. मुलगा कामावरून धावत आला. "आई, आई गो, पुरे," म्हणत त्याने आधी त्यांचा हात धरला, मग हात सोडला आणि तोही ऑफिसच्या कपड्यांत गुडघ्यांवर बसून उकरू लागला. मायलेक दिवस मावळेपर्यंत उकरत होते. हाती लागली ती जास्वंदीची मुळं.

त्या पावसाळ्यात काकी दर रविवारी नायगावहून यायच्या आणि त्या भरावावर फिरायच्या. "केळ जमीन फोडते टीचर. तुम्हाला म्हाईत नाय तिचा जोर." हिरवं काही दिसलं की वाकून पाहायच्या. गवत असायचं. दसरा गेला, लोखंडाच्या सळ्या आल्या, काँक्रीट पडलं.

त्यानंतर काकींनी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या चोर शोधू लागल्या. ज्या चोरांना त्यांनी जन्मभर हाकललं, त्यांच्या दारोदार त्या जाऊ लागल्या. "माझ्या वाडीतून कधी पिल्लू नेलं होतं काय? खरं सांगा, मी कायपन बोलनार नाय." लोक शपथा घेत. "नाय हो काकी, तुमच्या वाडीत पाय टाकायची कुनाची हिंमत!" त्यांना वाटे आपण काकींचं समाधान करतो आहोत.

माझ्याही दाराशी आल्या. बसल्या नाहीत.

"टीचर, तुमच्या नातवाने एक नेलेलं. आठवतंय?"

"काकी, मी ते परत आणून दिलं होतं. माफी मागायला लावली होती त्याला."

 "कशाला दिलं परत?"

  तुम्हाला मी वेगळं काही शिकवलं असतं असंही नाही. पण तो प्रश्न माझ्या दारात अजून उभा आहे.

एका बाईने मात्र कबुली दिली. अर्नाळ्याची कोळीण, काकींच्या दारी वर्षानुवर्षं मासळी आणणारी. काकी मला घेऊन तिच्याकडे गेल्या होत्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वळणीखाली उभी राहून ती म्हणाली, "नेली होती गो काकी. पाटीत घालून, वर फडका टाकून. तुला कलली नाय."

काकींनी तिचे दोन्ही हात धरले. "कुठं हाय? दाखव."

"नाय राहिली. इथं पानी खारं, वारा खारा. पानं करपली न मेली. तूच बोलायचीस ना, चोरून जगत नाय."

काकी मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता स्वतःच्या तोंडावर हलकेच चापटी मारली. "माझंच तोंड." कोळणीने त्यांना पाणी दिलं. 

मी बाजारातून राजेळी शोधून आणली. त्यांनी एक खाल्लं. "चांगली हाय. दुसऱ्याच्या घरची हाय." मुलानेही कुठून तरी एक रोप आणून गॅलरीत निळ्या पिंपात लावून दिलं. त्या त्याला पाणी घालत, पण त्याच्याशी बोलत नसत. वाडीतल्या केळीशी बोलत असत.

या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी मला नायगावला बोलावून घेतलं. सून कामावर, नातू शाळेत. गॅलरीत ताटावर बाजारातली साधी केळी सोलून ठेवली होती. समोरच्या टॉवरमुळे ऊन थोडा वेळच यायचं आणि निघून जायचं. काकी ताट उचलून त्याच्या मागे सरकत होत्या. "बसा टीचर. बघा, सोलायचं असं, नख लागू द्यायचं नाय." किती पिकू द्यायचं, कशावर पसरायचं, ढग आले तर काय करायचं, सगळं सांगितलं. सासूबाईंनी फक्त सुनांना सांगायचं म्हणून बजावलेलं सगळं.

"काकी, सुनेला सांगा ना."

"तिला येळ कुठाय? चांगली पोर हाय ती. दमते." मग एक केळं अंगठ्याने दाबून त्या म्हणाल्या, "रडतेय. ही रडायची थांबनार नाय टीचर. पन तुम्ही हात बघून ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्या केळ्यांना बुरशी आली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटचा आजार मोठा नव्हता. डॉक्टर म्हणाले, खातच नव्हत्या. मुलगा माझ्याशी बोलताना स्वतःच्या तळहातांकडे पाहत होता.

तर मिहीर, दुसऱ्या कुणाकडून का घेतली नाहीत, ते हे असं आहे. काकींच्या वाडीच्या जागी आता सात मजले झाले आहेत. राजेळीचं ते बेट कुठेही उरलेलं नाही. गॅलरीतलं रोप सुनेने ठेवलं आहे, त्याला अजून घड आलेला नाही. सुकेळी करायची रीत उरली आहे. ती मी मागितली नव्हती, चोरलीही नव्हती. ती माझ्याकडे आहे.