अप्पा खुर्चीत बसले

उदगीरचा जिल्हा व्हावा ही मागणी माझ्याइतकीच जुनी असेल. माझे वडील, म्हणजे अप्पा, त्या मागणीच्या मागं तरुणपणापासून लागलेले. भुसार मालाचं दुकान सांभाळून जो वेळ उरायचा तो मोर्चे, धरणं आणि रास्ता रोकोत जायचा. एकदा भर सभेत विरोधातलं कुणीतरी म्हणालं, "यांना जिल्हा नको, खुर्ची पाहिजे." अप्पा ताडकन उठले आणि बोलून गेले, "उदगीर जिल्हा होईपर्यंत मी खुर्चीत बसणार न्हाई."

रागात माणूस असं काहीबाही बोलतो आणि सकाळी विसरून जातो. अप्पा विसरले नाहीत. गावानंही विसरू दिलं नाही. लग्नात अप्पा आले की मांडवाच्या एका कोपऱ्यात सतरंजी पडायची. सोबतीचे कार्यकर्तेही मग त्यांच्याभोवती मांडी घालून बसायचे, कारण नेता खाली आणि आपण वर, हे बरं दिसत नाही. न्हावी घरी येऊन अप्पांना पाटावर बसवून दाढी करायचा. नियम मात्र अप्पांनी बारकाईनं ठरवले होते. बाक चालायचा. स्टूल चालायचं, कारण त्याला पाठ नसते. एसटीत बसायला हरकत नव्हती, कारण ती सीट.

"आणि डॉक्टरच्या दवाखान्यात?" अव्वा, म्हणजे माझी आई, मुद्दाम विचारायची.

"तिथं झोपून तपासतात," अप्पा म्हणायचे.

व्हायचं तेच झालं. जमिनीवर बसून बसून गुडघे गेले. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली बसणं बंद, खुर्ची वापरा. अप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन बाजेवर बसले.

ही गोष्ट लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळातली नव्हे, त्याच्या नंतरच्या. मी लातूरला कॉलेजात शिकवते, अप्पा-अव्वा उदगीरलाच असतात. आमच्या गल्लीत तेव्हा लोक एकमेकांना जेवलात का विचारत नसत, पाणी आलं का विचारत. अशा दिवसांत पुण्याच्या धाकट्या बहिणीनं आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीला मुंबई-गोवा जहाजाची सहल काढली. अप्पा म्हणाले, "गावात प्यायला पाणी न्हाई आन् आपण समुद्रात हिंडायचं? लोक काय म्हणतील?"

"तुमी घरी बसलात तर पाऊस पडणार हाय का?" अव्वा म्हणाली. तिची पिशवी भरून तयार होती. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि फिल्टरच्या पाण्याचा कॅन. मी म्हटलं, अव्वा, जहाजावर पाणी असतं. ती म्हणाली, "असू दे. लातुरात बी नळ असतेत."

माझा नवरा यायचा होता, पण टँकरचा नेम नव्हता म्हणून तो रांगेतली भांडी राखायला घरी थांबला. आम्ही तिघं रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. धाकटी तिथं आली होती. प्रवासानं अप्पांचे गुडघे सुजले होते. तशात बंदराच्या इमारतीत शिरलो आणि आत काउंटरपासून दारापर्यंत माणसांची रांग.

धाकटीनं घरी कुणाला न सांगता एक उद्योग करून ठेवला होता. तिकीट काढतानाच तिनं अप्पांसाठी व्हीलचेअर मागितली होती. तिनं काउंटरवर जाऊन नाव सांगितलं आणि गणवेशातले एक मध्यमवयीन गृहस्थ रिकामी व्हीलचेअर ढकलत थेट आमच्यापर्यंत आले.

"व्हीलचेअर आहे काका, बसा. सरळ आत नेतो, रांग नाही काही नाही."

अप्पांनी खुर्चीकडं पाहिलं, मग धाकटीकडं पाहिलं. "मला चालता येतं," ते म्हणाले.

"अप्पा, पुढं लांब चालायचं आहे. आणि चढ आहे."

"चेअर म्हणजे काय ते मला कळतं. मी बसत नसतो."

ते गृहस्थ गोंधळले. म्हातारी माणसं लाजतात हे त्यांना माहीत असणार, पण अप्पांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, निर्धार होता. मी त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. उदगीर, सभा, शपथ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अप्पांपुढं जाऊन अगदी अदबीनं विचारलं, "काका, जिल्हा साधारण कधीपर्यंत होईल? आमचं बोर्डिंग चारला बंद होतं."

धाकटी तोंड फिरवून हसू लागली. अप्पा मात्र गंभीरपणे म्हणाले, "सांगता येत न्हाई. वरून हालचाल हाय." आणि काठी टेकत रांगेला लागले.

खुर्ची रिकामी राहिली. अव्वानं ती जरा निरखली, हातानं गादी दाबून पाहिली. "एवढे ते घेऊन आलेत, मोकळी कशाला न्यायची," म्हणाली, आणि पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसली. ती धडधाकट होती. रोज टँकरमागं कळशी घेऊन पळणारी बाई. पण बसली अशी, की जन्मभर कुणी ना कुणी तिला ढकलतच नेत असावं. व्हीलचेअरला वेगळी वाट होती. अव्वा अप्पांच्या शेजारून गेली तेव्हा तिनं पदर सावरला आणि त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

तपासणी झाली, कागद झाले. कॅन मात्र तपासणीवाल्यांनी ठेवून घेतला आणि अव्वानं तो असा सोडला की जणू तूप सोडतेय. त्या हुज्जतीत ती आमच्या मागं राहिली. पुढं धक्क्यावर जहाज उभं होतं, आणि जहाजाच्या दारापर्यंत लोखंडी पूल लावला होता. दोन्ही बाजूंना कठडे, मधून एकामागं एक चढायचं. अप्पा चढू लागले. मी मागं होते. निम्म्यात ते थांबले. कठडा घट्ट धरून उभे राहिले. पुढं जाववेना, आणि मागं फिरायला जागा नव्हती. माझ्या मागं माणसं साचू लागली. टोप्या घातलेली पोरं, नवी लग्नं झालेली जोडपी, एक गुजराती कुटुंब, सगळे थांबले.

मला हसू यायला नको होतं, पण आलं. अप्पांनी आयुष्यात किती तरी रास्ता रोको केले, पण एकही पोलिसांनी अर्ध्या तासाच्या वर टिकू दिला नव्हता. इथं कुणी काही बोलतही नव्हतं.

"अप्पा, लई दुखतंय का?"

"न्हाई. समुद्र बघायलोय," ते म्हणाले. तोंड कठड्याकडं होतं आणि कपाळावर घाम होता. तेव्हा माझं हसू गेलं.

खालून आवाज आला, "जरा वाट द्या." व्हीलचेअर वर येत होती. लोक अंग चोरून कठड्याला चिकटले. अप्पांजवळ आल्यावर अव्वानं थांबायला सांगितलं आणि उतरली.

"बसा," ती म्हणाली.

"मी सांगितलंय—"

"काय सांगितलंय ते मला बी ठावं हाय. ही खुर्ची न्हाई. हिला चाकं हायत. गाडी हाय ही."

अप्पा विचारात पडले. ज्या माणसानं स्टूल आणि बाक यांचा निकाल लावला होता, तो हाही प्रश्न तसा सोडणार नव्हता. त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं, "ब्रेक हाय का हिला?"

"दोन्ही चाकांना आहे, काका."

"मग सीट म्हणता येईल," अप्पा म्हणाले, आणि सावकाश बसले. बसताना त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो मी आजवर ऐकला नव्हता. अव्वा बाजूनं चालू लागली, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. चारचौघांत ती त्यांच्या इतकी जवळ चाललेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

जहाजाच्या दारात स्वागताला झेंडूचे हार होते. अप्पांच्या गळ्यात हार पडला. धाकटीनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्या वेळात जहाज सुटलं, किनारा मागं गेला आणि फोनची रेंजही गेली.

संध्याकाळ छान गेली. अव्वानं दोनदा आंघोळ केली आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन म्हणाली, "लई पाणी वाया गेलं." जहाजावर पोहायचा तलाव होता. तो तिनं चारी बाजूंनी फिरून पाहिला आणि मला विचारलं, "हे पाणी रोज बदलतेत का?" मी माहीत नाही म्हटलं. अप्पा वरच्या मजल्यावर एका बाकावर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उदगीरची लोकसंख्या सांगत होते.

सकाळी नाश्त्याच्या वेळी गोव्याच्या जवळ आलो तशी रेंज आली. अप्पांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. पहिला फोन उदगीरहून, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"अप्पा, अभिनंदन. चौकात फटाके वाजायलेत. जिल्हा झाला आन् तुमी आमाला आधी सांगितलं न्हाई?"

आम्ही एकमेकांकडं पाहू लागलो. मग धाकटीनं आपला फोटो उघडला. फोटोत अप्पा खुर्चीत बसलेले, गळ्यात हार, शेजारी अव्वा उभी. चाकं फोटोच्या बाहेर राहिली होती. ग्रुपवर आमचा एक चुलतभाऊ होता. त्यानं तो फोटो पुढं पाठवला होता, आणि गावानं त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं होतं. अप्पा खुर्चीत बसले म्हणजे जिल्हा झाला. खात्री करायला लोकांनी फोन लावला तर अप्पा समुद्रात.

अप्पांनी फोन तोंडाजवळ धरला. मला वाटलं, आता ते गाडी, ब्रेक, सीट असं काही सांगतील.

"जिल्हा न्हाई झाला," ते म्हणाले. "माझे गुडघे गेलेत. चढ चढवेना म्हणून बसलो."

पलीकडं फटाक्यांची माळ चालूच होती. मग सहकारी म्हणाले, "अप्पा, खरं सांगू का? गुडघे आमचे बी गेलेत. तुमी खाली बसून राहिलात, आमी कसं वर बसावं? आता पुढच्या बैठकीला खुर्च्या सांगू का?"

"सांगा," अप्पा म्हणाले. "पाठ सरळ असलेल्या सांगा."

फोन ठेवून त्यांनी समोरची इडली जवळ ओढली. अव्वा त्यांच्याकडं बघत होती.

"फटाके वाजवले. अजून काय केलं?" तिनं विचारलं.

"पेढे बी वाटले म्हणे."

"परत मागतील का?"

"कशाचे मागतेत. खाऊन झाले," अप्पा म्हणाले, आणि चटणी मागितली.