तुम्ही बसा

वृद्धाश्रमात आज मी तरुण फिजिओथेरपिस्टना शिकवत होते. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, हा पायांत ताकद आणणारा साधा व्यायाम. कुसुमताई उठायला लागल्या, तशी एका मुलीनं पटकन त्यांच्या काखेत हात घातला.

"जवळ थांब, पण उचलू नकोस," मी म्हटलं.

"मॅडम, पडल्या तर?"

"आधी उठू तर दे, मग पडते!" म्हणत कुसुमताई थरथरत उभ्या राहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मान वर करवेना.

वडीलधाऱ्यांना 'तुम्ही बसा' म्हणणं ही आपल्याकडची मान द्यायची रीत. घरी आईला मीही उठू देत नाही. लेक किती जपते, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर ती स्वयंपाकघरात सावकाश वावरते आणि माझा खोळंबा होतो, म्हणून मी तिला बसवून ठेवते. आता तिला धरल्याशिवाय उठताच येत नाही.

संध्याकाळी तिच्यासमोर जाऊन म्हटलं, "आई, उठतेस का जरा?"

ती गडबडली. "का गं? तुझ्या वाटेत बसलेय का मी?"