शेजारच्या आजी घरीच राहिल्या

२०२०च्या हिवाळ्यात, आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या आयरिश आजी परसात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्या वॉकर धरून चालू लागल्या, तरी हॉस्पिटलमधून सुटका होईना. आंघोळ घालायला, कपडे चढवायला सरकारकडून घरी बाई मिळते. आमच्या भागात तेव्हा कुणीच मोकळं नव्हतं, आणि मदतीशिवाय हॉस्पिटल घरी सोडत नव्हतं. नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, जागा होती, तिथला खर्च सरकारकडून मिळायला कायद्याचा आधारही होता. घरी मिळणाऱ्या मदतीचा असा हक्क नव्हता. तसा कायदा आणणार, असं सरकार रेडिओवर सांगत होतं.

आजींनी मला फोन केला. "माझ्या मैत्रिणीला नर्सिंग होममध्ये तिचा मुलगा कोरोनामुळे खिडकीच्या काचेतून भेटतो. मी घरीच राहणार. तू काही करशील का?"

माझं ऑफिस सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सासूबाई समोरच होत्या. त्या अमरावतीहून काही महिन्यांसाठी आल्या आणि लॉकडाऊनमुळे अडकल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"तिले म्हन, मी येतो रोज सकायी," त्या म्हणाल्या. "माह्या सासूचं सारं मीच केलं."

लॉकडाऊनमध्येही एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी येणं-जाणं ठेवायची मुभा होती. आजी घरी आल्या. पहिल्या दिवशी त्या आंघोळीला लाजल्या. सासूबाईंनी पाठ फिरवली आणि मागे हात करून टॉवेल धरून राहिल्या. शेवटी आजींनीच, आता वळा म्हणून, त्यांच्या खांद्याला हात लावला. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला इंग्रजी. पण काम अडलं नाही.

"आम्ही दोघी कायम पुऱ्या पडणार नाही," मी आजींना म्हटलं.

"ठाऊक आहे. म्हणून तर फोन करतेय."

घरच्या मदतीसाठी दर सोमवारी त्या आमच्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयात फोन लावत. बोलून दम लागला की फोन माझ्या हातात देत आणि मी पुढचं बोले. आधी मी कागदावर लिहून ठेवलेलं वाचायचे. नंतर मीच सोमवारी सुट्टीचा एक तास मागून घेऊ लागले.

वसंतात सकाळसाठी बाई मिळाली. संध्याकाळसाठी नाही. कायदाही आला नव्हता. घरच्या मदतीची नवी पद्धत आधी काही ठिकाणी करून बघणार, असं कार्यालयातून सांगितलं.

"आमच्याकडे कधी?" आजींनी विचारलं.

तारीख ठरली नव्हती. "बरं, पुढच्या सोमवारी विचारते," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चहा टाकायला वॉकर ओढला.