लायसन्सकाका आणि वरची बंद खोली

लायसन्सकाकांना बंद दारामागचा टीव्ही ऐकू यायचा. त्यातलं गाणं-बोलणं नव्हे, ते कुणालाही ऐकू येतं. आवाज पूर्ण मिटवलेला असला, तरी चालू सेटमधून एक अतिशय बारीक शिट्टी निघत राहते, ती त्यांना ऐकू यायची. जिना चढताना ते एकदम थांबत, मान किंचित तिरकी करत आणि म्हणत, "दुसरा मजला, डावीकडे. चालू आहे." त्या क्षणी त्यांचे डोळे कुठेच बघत नसत. लग्न होऊन मी नेरुळच्या त्या इमारतीत नवीन आले होते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

एके काळी घरात रेडिओ किंवा टीव्ही ठेवायचा तर लायसन्स लागायचं, पोस्टात दर वर्षी पैसे भरावे लागायचे. कुणी भरले नाहीत, हे शोधणारे इन्स्पेक्टर असत. काका त्यांतले. पुढे लायसन्सच रद्द झालं, काकांना दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. कान मात्र निवृत्त झाले नाहीत. हळदीकुंकवाला काकूंना सोडायला आले, तरी दारातूनच विचारायचे, "हा सेट कधीचा?" आणि घरची बाई उगीचच चाचरायची.

"लायसन्स बंद केलं तिथंच चुकलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बघणाऱ्यानं पैसे भरले, तर घरात आलेला पाहुणा त्याचा. साबणवाल्यानं भरले, तर पाहुणा साबणवाल्याचा आणि घर फक्त तुमचं." मग आवाज खाली आणून म्हणायचे, "फुकट कुणी कुणाच्या घरात येऊन बसत नाही हो. काहीतरी नेतोच." संध्याकाळी जाहिराती लागल्या की ते सेटवर टॉवेल टाकत. टॉवेलामागे माणसं हसत-गात राहत आणि काका-काकू समोर गप्प बसून असत. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले आणि ते दृश्य पाहून साखर न मागताच परतले.

जवळच्या शिरवणे गावचा एक केबलवाला आमच्या भागात वायरी टाकत होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यानं सांगितलं, "सगल्या बिल्डिंगनी घेतलं तं रेट कमी लावतो. गच्चीवरचे अँटेने मी फुकट काढून देतो." टाळ्या पडल्या.

काका उभे राहिले. "वर्षाचे चार पैसे सरकारला द्यायला रडत होतात, आणि ह्याला महिन्याच्या महिन्याला द्यायला तयार? आणि जो देणार नाही, त्याचं काय?"

"त्याची वायर कापाची, काका. त्यात काय टेन्शन?"

सगळे हसले. त्याच आठवड्यात गच्ची मोकळी झाली. अॅल्युमिनियमच्या काड्यांचा ढीग पाण्याच्या टाकीमागे पडला, कापलेल्या चपट्या वायरी भिंतीवरून लोंबत राहिल्या.

महापेच्या आमच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असे. अशाच एका शुक्रवारी दुपारी काकू माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. "तू जरा चल गं. हे वर शिंद्यांच्या दारासमोर जाऊन उभे राहतात. खोलीला कुलूप, आणि म्हणतात आत सेट चालू आहे. रात्रंदिवस."

शिंदे तुर्भ्याच्या मार्केटात हमाल होता. मूळचा साताऱ्याकडचा. बायको-मुलं गावाला असत. तो पहाटे जाई आणि अंधार पडल्यावर येई, त्यामुळे ती खोली कायम बंदच वाटायची. गेले काही दिवस तर तो कुणाला दिसलाही नव्हता.

वरच्या मजल्यावर दुपारीही काळोख असे. काका दाराला कान न लावता, हातभर अंतरावर उभे होते. मला म्हणाले, "अँटेना नाही, केबल नाही. चित्र येणं शक्य नाही. मग पडद्यावरच्या नुसत्या मुंग्यांसमोर बसलंय कोण?"

मला काहीच ऐकू आलं नाही. पण मी खाली वाकले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. आतल्या फरशीवर निळसर-करडा उजेड थरथरत होता. मी कडी वाजवली. एकदा, मग जोरात. उत्तर नाही. आणि अचानक त्या उजेडावरून एक सावली सावकाश सरकली आणि परत जाऊन बसली.

काकू माझा दंड धरून म्हणाल्या, "खाली चला. आत्ताच्या आत्ता." मीही उठलेच होते. काका हलले नाहीत. "केबलवाल्याला बोलवा," एवढंच म्हणाले. "हत्यारं घेऊन."

तो कुरकुरत आला. "कोन नाय तिथं, काका. बंद खोली हाय." पण फटीतून पाहिल्यावर हातोडी काढली. त्यानं कुलूप तोडलं.

आत कोंदट अंधार होता आणि कोपऱ्यात जुना सेट. पडद्यावर नुसत्या मुंग्या धावत होत्या, आवाज मिटलेला. समोर गोधडीवर एक म्हातारी ताठ बसली होती. त्या उजेडात तिचा चेहराही पडद्यासारखाच थरथरत होता. आम्ही आत आलो, तरी तिनं मान वळवली नाही. चुरमुऱ्यांचा डबा उपडा पडला होता. मी खांद्याला हात लावला तेव्हा कुठे तिनं पाहिलं आणि माझं बोट घट्ट धरलं.

ती शिंद्याची आई. ठार बहिरी. गावाकडे सांभाळायला जमेना म्हणून त्यानं तिला आणलं होतं. ती कुठेतरी भरकटत निघून जाई, म्हणून बाहेरून कुलूप लावून कामावर जायचा. आणि मार्केटात मागे येणाऱ्या ट्रकनं त्याला उडवलं होतं. तो इस्पितळात तापात नुसतं "कुलूप, कुलूप" म्हणत पडला होता. त्याचा अर्थ तिथं कुणाला कळला नव्हता. हे सगळं आम्हाला संध्याकाळी त्याच्या जोडीदार हमालाकडून समजलं.

दुपारी त्या खोलीत मात्र म्हातारी पडद्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली, "मानसं गेली. कुटं गेली, काय ठावं. पर येत्याल म्हून बसलीया." काकूंनी तिला पाणी पाजलं. ती पुन्हा म्हणाली, "ती हातांनी बोलनारी बाई ऐतवारी येती. तिचं मला समदं कळतं. ह्या ऐतवारी आलीच न्हाई."

रविवारी दुपारी सरकारी चॅनलवर बहिऱ्यांसाठी खुणांच्या बातम्या लागत. आम्ही सगळे तेवढ्यात चहाला उठायचो.

केबलवाला गुपचूप गच्चीवर गेला. काळोख पडायच्या आत त्यानं एक अँटेना उभा केला. पुढच्या मीटिंगमध्ये काकांनी मागणी केली की, तो अँटेना सोसायटीचा, खर्च मेन्टेनन्समधून, सगळ्यांकडून.

"आम्ही सरकारी चॅनल बघतच नाही, आम्ही का द्यायचं?" कुणीतरी म्हणालं.

"जिन्यातल्या दिव्याचे पैसे देता ना? तुम्ही घरात झोपलेले असता तेव्हा तो कुणासाठी जळतो?"

ठराव झाला. काकू म्हातारीचं जेवणखाण बघत, आणि तिला सहा-सात रविवार मिळाले. ती पडद्यासमोर बसून स्वतःही हात हलवायची, त्या बाईला काहीतरी सांगायची. मग शिंदे कुबडीवर घरी आला, खोली सोडली आणि आई, सेट, सगळं घेऊन गावी गेला.

त्यानंतरही काका अधूनमधून त्या रिकाम्या खोलीपुढे उभे दिसत. मी एकदा धीर करून विचारलं, "अजून ऐकू येतं?"

"येतं," ते म्हणाले. खोलीत तेव्हा साधा बल्बसुद्धा नव्हता.

मुलीनं काका-काकूंना कायमचं पुण्याला नेलं, त्या दिवशी सामान खाली उतरत असताना मी त्यांना म्हटलं, "त्या दिवशी आम्ही सगळे घाबरलो होतो. तुम्हाला नाही वाटली भीती?"

काकांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "नोकरीत असताना लायसन्स नाही म्हणून कितीतरी घरांतले सेट मी उचलून नेले. चालू असलेले. बटण बंद करायचो, वायर गुंडाळायचो, निघायचो. समोर कोण बसलंय, हे कधी पाहिलंच नाही. आता ती घरं ऐकू येतात."

मुलीनं हाक मारली. त्यांनी मला नमस्कार केला आणि काकूंचा हात धरून ते टेम्पोकडे गेले.